आधी क्रियापद, मग माणूस

माझ्या मावशीचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा ठाऊक नसावं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, तो खालून हाक मारायचा, "कधीकुठेबाई, पत्र." सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्या खोलीत ती इंग्रजीचा क्लास घ्यायची, मागच्या खोलीत ती, काका आणि माझी मावसबहीण राहायचे. क्लासमधली बाकं काकांनी केलेली. काका एका गोदामात माल पाठवायची लाकडी खोकी ठोकायचे आणि मोडक्या खोक्यांच्या फळ्या घरी आणायचे. त्यामुळे आमच्या निम्म्या बाकांवर 'ही बाजू वर' असं काळ्या शाईत छापलेलं होतं, आणि ती बाजू हमखास खाली असायची.

मावशी लग्नाआधी त्याच गोदामात कारकून होती. तिथे यंत्रांचे सुटे भाग परदेशातून यायचे आणि त्यांचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालायचा. मावशीचं इंग्रजी तेव्हा यथातथाच. तिथल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कने तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की या धंद्यात प्रश्न चारच असतात. माल कधी निघाला, कुठे अडकला, का अडकला आणि आता कसा सोडवायचा. हे चार प्रश्न इंग्रजीत विचारता आले की बाकीचं आपोआप येतं. त्याने तिला स्वतःच्या हातची एक वही दिली. चाळीस पानं, प्रत्येक पानावर एक साचा: आधी प्रश्नशब्द, मग क्रियापद, मग माणूस. व्हेअर इज ही. व्हेन आर दे कमिंग. व्हाय डिड शी गो. हाऊ डू यू नो.

मराठी माणसाची जीभ इथेच अडखळते, कारण आपण 'तो कुठे आहे' म्हणतो आणि इंग्रज 'कुठे आहे तो' म्हणतो. मावशीने त्यावर एक मंत्रच केला होता. "आधी क्रियापद, मग माणूस." फळ्यावर छडी आपटून ती म्हणायची आणि अठरा पोरं एका सुरात ओरडायची. खालचा सायकलवाला पंक्चर काढता काढता तेच गुणगुणायचा. त्याला इंग्रजीचं दुसरं अक्षर येत नव्हतं, पण 'व्हेअर आर यू गोइंग' हे तो गिऱ्हाइकाला असं झोकात विचारायचा की गिऱ्हाईक दचकून उभं राहायचं.

गोदाम सोडल्यावर मावशीने क्लास काढला आणि हेडक्लार्कच्या वहीला स्वतःची दुसरी वही जोडली. पहिल्या वहीत नुसते सरळ प्रश्न होते. पण माणूस नुसते प्रश्न विचारत नाही. 'तो कुठे आहे मला माहीत नाही', 'तू उशिरा का आलास ते सांग', असंही बोलतो. मावशीने त्याचे साचे केले. पुढे 'मला माहीत नाही' किंवा 'मला सांग' जोडायचं आणि मागे हेडक्लार्कचा साचा जसाच्या तसा ठेवायचा. आय डोन्ट नो व्हेअर इज ही. टेल मी व्हाय डिड यू कम लेट. एकशे दहा पानं तिने अशी भरली. ही दुसरी वही तिचा जीव की प्राण होती. पहिली दुसऱ्याने दिलेली, ही स्वतःच्या अकलेतून आलेली.

बावीस वर्षं तो क्लास चालला. तिच्या हाताखालून परिचारिका गेल्या, दुकानातल्या विक्रेत्या गेल्या, हॉटेलात टेलिफोन घेणाऱ्या गेल्या, एक तर जहाजावर स्वयंपाकी होऊन गेला. मी तिथेच शिकले. पुढे औषधांच्या दुकानात नोकरीला लागले, तरी संध्याकाळी क्लासला मदत करायला जायची. मावशीचा स्वभाव कडक. शंका विचारलेली तिला चालायची, पण शंका घेतलेली चालायची नाही.

घरात एक गोष्ट अभिमानाने सांगितली जायची. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, आठवीत असताना इंग्रजीच्या पेपरात तिची दोन वाक्यं चूक धरली गेली. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, शाळेत नव्यानेच लागल्या होत्या. मावशी दुसऱ्या दिवशी पेपर आणि वही घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाईंची स्वतःची भाची मावशीच्या क्लासला होती, त्यामुळे गावात इंग्रजी म्हणजे कधीकुठेबाई हे त्यांनाही मान्य होतं. त्यांनी नव्या बाईंना बोलावून घेतलं. तिघींची बोलणी झाली. नव्या बाईंनी मार्क परत दिले आणि तपासताना चूक झाल्याचं कागदावर लिहून त्याच्या दोन प्रतींवर सही केली. एक प्रत शाळेत राहिली, दुसरी घेऊन मावशी घरी आली. तिने शाळेला पाणी पाजलं, असं काका पाहुण्यांना सांगायचे. काका एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण ही गोष्ट सांगताना त्यांना शब्द कमी पडायचे नाहीत.

एका मंगळवारी दुपारी साडेचारला चिमणी आली.

चिमणी मावशीची लाडकी विद्यार्थिनी. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. बारावीनंतर ती एका मोठ्या कंपनीत लागली होती. परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, तक्रारी ऐकायच्या, असं काम. नऊ वर्षांत चढत चढत ती आता नव्या लोकांना बोलायला शिकवणारी झाली होती. तीच बातमी सांगायला ती आली होती. मावशीचा ऊर भरून आला. तिने चिमणीला फळ्यापुढे उभं केलं, मुलांना ओळख करून दिली, आणि म्हणाली की आता आपला पाठ हिला म्हणून दाखवा.

मुलांनी सुरुवात केली. सरळ प्रश्न झाले, मग दुसरी वही सुरू झाली. डू यू नो व्हेअर इज द स्टेशन. आय डोन्ट नो व्हेन विल शी कम. मी दाराशी उभी राहून हजेरीपट भरत होते. चिमणीच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. ती हसत होती, पण नुसत्या ओठांनी.

पाठ संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. चुणचुणीत पोर, आई शिवणकाम करायची. तिने चिमणीला विचारलं, "ताई, तुम्ही कंपनीत फोनवर हीच वाक्यं बोलता का?"

चिमणीने मावशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं लोकांच्या तक्रारी गोड शब्दांत वळवणारी ती, पण त्या पोरीपुढे तिला खोटं बोलता येईना.

"पहिली बोलते," ती म्हणाली. "दुसरी नाही. दुसरी तशी बोलत नाहीत."

मावशी हसली. चिमणी थट्टा करते आहे असंच तिला वाटलं असणार. "मग कशी बोलतात, लिहून दाखव."

चिमणीने खडू घेतला आणि लिहिलं, आय डोन्ट नो व्हेअर ही इज. त्याखाली, टेल मी व्हाय यू केम लेट. पुढे 'मला माहीत नाही' आलं की मागचा प्रश्न प्रश्न राहत नाही, मग माणूस आधी आणि क्रियापद मागून, असं तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. म्हणजे आपल्या मराठीसारखंच, असंही म्हणाली.

मावशी फळ्याजवळ गेली. चष्मा वर करून, मग खाली करून तिने ती दोन वाक्यं वाचली.

"हे नवीन निघालंय का?"

"नाही बाई. पहिल्यापासून असंच आहे."

खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता त्याचा फुसफुस आवाज वर ऐकू आला. मावशीच्या हातातली छडी निसटून जमिनीवर पडली. तिने ती उचलली नाही. मुलांना म्हणाली, आज घरी जा. बावीस वर्षांत क्लास वेळेआधी सुटल्याचं मला आठवत नाही. काकांचे वडील गेले त्या दिवशीही तिने पाठ पुरा करून मगच पदर खोचला होता.

मुलं गेल्यावर तिने मला वाचनालयात पिटाळलं. असेल ते इंग्रजी व्याकरणाचं जाड पुस्तक आण म्हणाली. एक नाही, दोन आण. मी दोन आणली. तिने दोन्ही टेबलावर उघडून शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत वाचू लागली. मला वाटलं होतं, ती चिडेल, पुस्तकं आपटेल, चिमणीला बोल लावेल. तसं काही झालं नाही. तिने दुसरी वही काढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. एक, दोन, दहा, पन्नास. प्रत्येक पानावर तेच. दारातल्या उंबऱ्यावर पाय ठेवायला जावं आणि उंबराच नसावा, तशी ती पानोपानी दचकत होती.

मग तिने मान वर केली. "तुला कधी कळलं?"

चिमणी म्हणाली, पहिल्याच महिन्यात. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली होती ती याच वाक्यांवर. शिकवणाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, हे कुठून शिकलीस. तिने सांगितलं होतं, कुठून नाही, माझं मलाच तसं वाटलं.

"नऊ वर्षं झाली त्याला," मावशी म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला लागलं असतं."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

मावशीने एकेकीचं नाव घ्यायला सुरुवात केली. दवाखान्यातली? हो. विमा कचेरीतली? हो. ती जुळी? दोघींना. जो जो पुढे गेला, त्याला त्याला कुणीतरी कुठेतरी टोकलं होतं. प्रत्येकाने गुपचूप आपलं वाक्य दुरुस्त करून घेतलं होतं आणि बाईंना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे कुणी बैठक घेतली नव्हती. आपोआप ठरलं होतं. जुने विद्यार्थी भेटले की एकमेकांना गमतीने 'आय डोन्ट नो व्हेअर आर यू' म्हणायचे. ते प्रेमाने म्हणायचे, हे चिमणीने चार वेळा सांगितलं. मावशीने ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मग ती माझ्याकडे वळली. नुसतं पाहिलं. खरं सांगते, औषधांच्या दुकानात लागल्यापासून मलाही माहीत होतं. एका परदेशी बाईने माझं वाक्य हसून दुरुस्त केलं होतं. आणि तरी सात वर्षं मी रोज संध्याकाळी तिथे उभी राहून मुलांकडून तेच वदवून घेत होते. मी मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यावर चोराला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. पण त्याहून मला धक्का बसला तो मावशीच्या पुढच्या बोलण्याचा. ती माझ्यावर रागावलीच नाही.

"म्हणजे त्या शाळेतल्या बाई," ती म्हणाली. "त्यांचं बरोबर होतं."

मला ते तोवर सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून, इतकी वर्षं चूक ठाऊक असून, मी या दोन गोष्टी एकमेकींना कधी जोडल्या नव्हत्या. ताईच्या पेपरातली ती दोन वाक्यं दुसऱ्या वहीतली होती. त्या तरुण बाईंनी ती बरोबर कापली होती. मावशीने त्यांच्याकडून लिहून घेतलेला कागद अजून ट्रंकेत होता.

ताई सहाला कचेरीतून आली. घरात काहीतरी घडलंय हे तिला जिन्यातच कळलं, कारण वरून मुलांचा आवाज येत नव्हता. मावशीने तिला विचारलं, तू तेव्हा मला का नाही सांगितलंस की बाईंचं बरोबर आहे म्हणून. ताई पर्स हातात धरूनच उभी राहिली. म्हणाली, "सांगितलं होतं आई. वर्गात बाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. मी तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, शिकवणारीला जास्त कळतं की शिकणारीच्या आईला, ते बघते."

मावशीला हे आठवत नव्हतं. एक शब्दही नाही. ती पुन्हा पुन्हा ताईला विचारत राहिली, मी असं म्हणाले, मी. काका मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपली आवडती गोष्ट आता कुणाला सांगता येणार नाही एवढं त्यांना समजलं असावं. ते खाली सायकलवाल्याकडे जाऊन बसले.

पुढचे दोन दिवस मावशी जेवली नाही असं नाही. जेवली, कपडे धुतले, खिडक्या पुसल्या. पण मध्येच हातातलं काम थांबवून उभी राहायची, जणू कुणीतरी मागून हाक मारली. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना बोलावलं आणि फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहून सांगितलं की मी बावीस वर्षं हे चूक शिकवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या डोक्याने जोडलं आणि पडताळून पाहिलं नाही. वडाची साल पिंपळाला लावली. शिवणकाम करणारी आई म्हणाली की माणूस आहे, चुकतो. दुसऱ्या एका वडिलांनी मुलाचा हात धरला आणि जिना उतरले. त्यांच्या मागोमाग आणखी बरेच उतरले. अठरातले सात उरले.

मग मावशी त्या बाईंच्या शोधाला लागली. मी म्हटलं, मावशी, पंधरा वर्षं झाली, त्या विसरल्या असतील. ती म्हणाली की मी विसरले म्हणून त्या विसरल्या असतील असं कसं धरू. जुनी शाळा आता दुसऱ्या शाळेत मिसळली होती. तिथल्या कार्यालयात कुणाला काही माहीत नव्हतं. शेवटी दवाखान्यातल्या जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. औषधांच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो, ते कागद छापणाऱ्या एका छापखान्यात त्या मुद्रितं तपासायचं काम करत होत्या. मी असले कागद रोज गिऱ्हाइकांना देत होते. त्यातला एखादा त्यांच्या नजरेखालून गेलेला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मावशीने जाण्याआधी एक पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं. मी म्हटलं मराठीत लिही, पण ती हट्टाला पेटली होती. जे ज्या भाषेत बिघडवलं ते त्याच भाषेत सांगणार म्हणाली. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिलं. मला दाखवलं नाही.

छापखान्याच्या मागे काचेची एक छोटी खोली होती. बाहेर यंत्रांचा धडधडाट, आत एक उतरतं टेबल, त्यावर दिवा आणि एक लोखंडी पट्टी. बाई पट्टी ओळीखाली धरून एक एक ओळ खाली सरकवत वाचत होत्या. चाळिशीच्या असतील. केस लवकर पिकलेले. मावशीने आपली ओळख सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "मी ओळखलं तुम्हाला. बसा."

मावशी बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. वही, चिमणी, ताई, सगळं. तुमचं बरोबर होतं आणि मी तुमच्याकडून चूक लिहून घेतली, असं म्हणाली. त्या कागदामुळे तुम्हाला पुढे काही झालं का, असं तिने विचारलं. मला वाटतं तिला वाटत होतं, त्या म्हणतील, छे, काही नाही.

"नोकरी गेली," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. "मी प्रोबेशनवर होते. वर्षअखेरीला पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, विषयाचं ज्ञान अपुरं, सोबत स्वतःच्या सहीची कबुली."

मावशीने टेबलाची कड धरली. मी तिच्या पाठीला हात लावला.

बाई पुढे म्हणाल्या की त्या दिवशी शाळेतून घरी जाऊन त्यांनी चार पुस्तकं उघडली होती. चारही त्यांच्या बाजूने होती. दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं घेऊन मुख्याध्यापिकांकडे जाता आलं असतं. गेल्या नाहीत. "तुमचं मला इतकं नवल वाटलं नव्हतं. तुम्ही आई होतात आणि छातीठोकपणे बोलत होतात. मला धक्का बसला तो माझाच. मला माहीत होतं, तरी मी सही केली."

मावशीने पत्र पुढे केलं. बाईंनी ते घेतलं, दिव्याखाली ठेवलं आणि सवयीने पट्टी पहिल्या ओळीखाली धरली. त्या वाचत होत्या आणि मावशी त्यांच्या हाताकडे बघत होती. पट्टी सरकत सरकत पाचव्या ओळीशी आली आणि थांबली. बाईंचा पेन उचलला गेला, मग हवेतच राहिला. त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

मी वाकून पाहिलं. पाचव्या ओळीत मावशीने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, आय नाउ अंडरस्टँड व्हाय डिड यू कट द मार्क्स.

मावशीनेही ते वाचलं. चौथ्यांदा लिहिलेलं पत्र. दोन आठवडे फळ्यावर स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली वाक्यं. आणि माफीच्याच ओळीत क्रियापद पुन्हा धावत पुढे येऊन बसलं होतं. ती मटकन खुर्चीत बसली आणि तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता ही रडणार. बाईंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"बावीस वर्षांचा हात आहे," त्या म्हणाल्या. "दोन आठवड्यांत कसा सुटेल."

त्यांनी त्या वाक्याला काही खूण केली नाही. पत्र घडी करून खणात ठेवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मावशीनेही ते मागितलं नाही. मावशीने विचारलं की शाळेला पत्र लिहू का, शाळेच्या वरच्या कार्यालयात जाऊन सांगू का. बाईंनी मान हलवली. ते पद गेलं, ती माणसं गेली, आता कुणाला सांगणार. मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच विषयावर, त्यांनी विचारलं, "ती वही अजून आहे?"

मावशीच्या पिशवीत दोन्ही वह्या होत्या. ती त्या कधी घरी ठेवून बाहेर पडतच नसे. बाईंनी त्या ठेवून घेतल्या. एक महिन्याने या म्हणाल्या.

महिन्याने वह्या परत मिळाल्या तेव्हा दुसऱ्या वहीत दुरुस्तीच्या खुणेशिवाय एकही पान सुटलेलं नव्हतं. आमच्या ध्यानीमनी नसलेल्या आणखी कितीतरी चुका निघाल्या. हेडक्लार्कच्या चाळीस पानांत मिळून दोन. मावशीने हा आकडा सात मुलांना पहिल्याच दिवशी सांगितला, कारण त्या म्हाताऱ्यावर उगाच बालंट नको. बाई क्लासला कधी आल्या नाहीत. मावशीने एकदा बोलावलं, त्यांनी नको म्हटलं, आणि ते तिथेच थांबलं. पण दर महिन्याला मावशी नवी पानं लिहून त्यांच्याकडे पाठवायची आणि ती तपासून यायची. कधी चिठ्ठी असायची, बहुतेक वेळा नसायची.

सातांचे हळूहळू अकरा झाले. शाळेतून घेतलेला तो सहीचा कागद मावशीने ट्रंकेतून काढून बाईंना परत केला. त्यांनी त्याचं काय केलं ते आम्हाला कळलं नाही.

जुन्या हजेरीपटातल्या प्रत्येकाला कळवायचं असं मावशीने ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. सात वर्षं गप्प बसल्याची ती शिक्षा होती आणि मी ती मुकाट्याने भोगली. पत्ते शोधले, फोन केले. बहुतेकांनी हसून सांगितलं, माहीत आहे, बाईंना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. काहींना खरंच माहीत नव्हतं. एक बाई फोनवर एवढंच म्हणाली, "म्हणून होय!" आणि तिने फोन ठेवला. कशाबद्दल म्हणाली, ते मला आजही माहीत नाही.

सगळ्यात शेवटी जहाजावरचा स्वयंपाकी सापडला. कुठल्याशा बंदरातून त्याचा फोन लागला. त्याला सगळं समजावून सांगायला मावशीने फोन स्वतःच्या हातात घेतला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, अकरा वर्षं मी कप्तानाला 'टेल मी व्हेन विल यू ईट' असंच विचारतोय. तो वेळ सांगतो, मी ताट वाढतो. अर्धं जहाज आता माझ्यासारखंच बोलतं. मी नाही बदलणार."

मावशी थक्क झाली. इतक्या दिवसांत तिला बसलेल्या धक्क्यांत हा एक असा होता की तिचा जुना आवाज परत आला. तिने त्याला सरळ उभा राहा म्हणून सांगितलं, जणू तो समोरच होता, आणि वाक्य म्हणायला लावलं. टेल मी व्हेन यू विल ईट. तो हसत हसत चुकीचंच म्हणत राहिला. ती पुन्हा म्हणायला लावत राहिली. सात-आठ वेळा झालं असेल. मग लाइन तुटली.

"परत लाव," मावशी मला म्हणाली.